पंखाच्या काठावरचे ठिपके

लीलाने तो पतंग पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, १९७२ च्या ऑक्टोबरात. ती साताऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. महाबळेश्वरहून कोयनेच्या अंगाला उतरणाऱ्या वाटेवर एका लहान गावाची देवराई होती. तिच्यातून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी, ऐन दुपारच्या उन्हात, तो ओल्या मातीवर बसला होता. मुली फुलपाखरू, फुलपाखरू म्हणत पुढे धावल्या. लीलाने त्यांना हाताने थांबवलं. त्याने पंख पाठीवर मिटले नव्हते, जमिनीसरसे पसरून ठेवले होते, आणि त्याच्या मिशा टोकाशी जाड नव्हत्या, पिसासारख्या होत्या. तो पतंग होता. रात्री दिव्याभोवती फिरणाऱ्या मातकट पतंगांचाच भाऊबंद, पण दिवसा उडणारा, आणि म्हणूनच की काय, रंगांनी भरलेला. पुढचे पंख निळे-काळे, मागचे पिवळे, आणि मागच्या पंखांच्या काळ्या काठावर फिकट ठिपक्यांची एक ओळ.

त्या ओळीपाशी तिची नजर अडली. पुस्तकात असाच एक पतंग होता, घाटात नेहमी सापडणारा, पण त्याच्या काठावर ठिपके नव्हते. तिने तिथेच बसून चित्र काढलं आणि परतल्यावर मुंबईला एका वृद्ध अभ्यासकांकडे पाठवलं. सह्याद्रीतल्या पतंगांची यादी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचं उत्तर आलं ते सरळ होतं. ठिपके नसतील तर हा नेहमीचाच. असतील तर तो या घाटात आजवर कुणी पाहिलेला नाही. पण चित्रात जे येतं ते काढणाऱ्याला दिसावंसं वाटलेलं असतं, तेव्हा नमुना पाठवा, निदान फोटो तरी. फोटोत ठिपके दिसले तर मी स्वतः येईन.

नमुना पाठवणं तिला अवघड नव्हतं. जाळी होती, मारायची बाटली होती, टाचण्या होत्या. दर वर्षी ती मुलांकडून हे सगळं करून घेत असे. अडचण देवराईची होती. दुसऱ्या खेपेला ती एकटीच जाळी घेऊन गेली तेव्हा देवळापुढचं अंगण झाडणारी म्हातारी, बनुबाई, खराटा टेकवून तिच्याकडे बघत राहिली. हे कशाला, असं तिने विचारलं. लीलाने सांगितलं.

“पाकुळी धरून काय करता? औषध करता व्हय?”

“नाही. मुंबईला पाठवायची आहे.”

“का, तिथं न्हाईत पाकुळ्या?”

मग बनुबाईने नियम सांगितला. राईतलं पान गळून पडलं तरी घरी न्यायचं नाही. वाळली काटकीसुद्धा नाही. न्यायचंच असेल तर डोळ्यांनी बघून न्यावं. लीलाचा देवावर फारसा भरवसा नव्हता, पण ज्यांची राई त्यांचा नियम, एवढं तिला कळत होतं. आणि अशा नियमामुळेच ती राई उरली होती, तो पतंग उरला होता. तिने जाळी गुंडाळली. बघून न्यायचं म्हणजे फोटो काढायचा, असं तिने ठरवलं. त्या वर्षी मात्र पतंगाचे दिवस संपले होते.

पुढच्या ऑक्टोबरात ती कॉलेजचा दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन गेली. त्यात वरच्या काचेत वाकून बघायचं असतं. चित्र दिसतं वरच्या भिंगातून, उमटतं खालच्या भिंगातून, आणि वरच्या काचेत डावं ते उजवं दिसतं. जवळून काढायचं तर आधी वरून नेम धरायचा, मग खालचं भिंग त्याच जागी येईल इतका कॅमेरा वर उचलायचा, आणि तेवढ्यात पतंग उडायचा. ती ओढ्यात गुडघ्यावर बसून होती. साडी ओली झाली, घाटातून धुकं आलं, गेलं, पुन्हा आलं. कॅमेऱ्यावर आणि बहुधा आतही थेंब गेले. बनुबाई लांबून म्हणाली, एवढ्या वेळात लगीन लागून वरात निघाली असती. अखेर एकदा उन्हाची तिरीप पडली आणि पतंग ओढ्यावर वाकलेल्या झाडाच्या मुळीवर पंख पसरून बसला. तो त्याच झाडाभोवती फिरत असे. त्याच्या अळ्या त्याच झाडाची पानं खात. लीलाने कॅमेरा उचलला, श्वास धरला आणि खटका दाबला.

रोल तिने सांगलीला नेला. साताऱ्यात स्टुडिओ नव्हते असं नाही, पण तिची आई सांगलीत राहायची, आणि फोटो मोठा करून रंगवण्यात चांदसाहेबांच्या स्टुडिओचा हात कुणी धरत नसे. रंगीत फिल्म तेव्हा सहज मिळत नव्हती. फोटो काळा-पांढरा काढायचा आणि वरून हाताने रंग द्यायचा, हीच रीत. लग्नाचे, शाळामास्तरांच्या निरोपाचे, पलटणीतून सुट्टीवर आलेल्या जवानांचे, आणि गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीभर लावलेले होते. सगळ्यांचे ओठ किंचित गुलाबी.

रंगवायचं काम चांदसाहेबांची बहीण करी. मेहरुनबी विधवा होऊन भावाकडे आल्या आणि तिथेच राहिल्या. उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांचं उतरतं टेबल होतं, मध्ये दुधी काच, खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवलं की आरशातून उजेड वर येई. सुईसारखी लांब टोक केलेली पेन्सिल, काडीला बांधलेलं दाढीच्या पात्याचं टोक, काडेपेटीच्या काडीला गुंडाळलेला कापूस, रंगाच्या छोट्या बशा. स्टुडिओत येणारं प्रत्येक निगेटिव्ह आधी त्या टेबलावरून जायचं, मग छापायला. चांदसाहेब गिऱ्हाइकांना सांगत, कॅमेरा काय, पुढं असंल ते घेतो, माणूस होतो तो मेहरुनच्या टेबलावर. मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे त्या उघडून देत. एकत्र फोटोतून एकटं माणूस वेगळं काढून देत. पण त्यांचं खरं काम होतं मुलींचे फोटो. स्थळाला पाठवायचा फोटो म्हणजे चेहऱ्यावर देवीचे वण असता कामा नयेत, आणि त्या काळात सांगली-साताऱ्याकडे वण नसलेली घरं थोडी होती. मेहरुनबी एकेक वण पेन्सिलीने भरत, नाहीतर पात्याने हलकेच खरवडत. त्यांच्या हातून गेलेली मुलगी तुळशीच्या पानासारखी स्वच्छ होऊन बाहेर पडे.

लीलाचा फोटोही बारा वर्षांपूर्वी याच टेबलावरून गेला होता. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. तो फोटो पाहून कऱ्हाडची माणसं तिला बघायला आली. पोहे झाल्यावर मुलाच्या आत्याने पिशवीतून तो फोटो काढला, लीलाच्या चेहऱ्याशेजारी धरला, आणि काहीच न बोलता परत पिशवीत ठेवला. त्यानंतर लीलाने वडिलांना सांगितलं की आपल्याला कोल्हापूरला शिकायला जायचं आहे, आणि ते पाठवायला तयार झाले. तिने कधी कुणाला दोष दिला नव्हता. तो फोटो आईने काचेत बसवून भिंतीवर लावला होता, आणि लीला त्याच्या समोर बसून जेवत असे.

चांदसाहेबांनी रोल धुऊन, वाळवून तिच्यापुढे उजेडात धरला. बरेचसे नेम चुकलेले होते. एकच निगेटिव्ह लख्ख होतं. लीलाने भिंग लावून पाहिलं. निगेटिव्हवर पांढरं ते काळं दिसतं. मागच्या पंखांच्या काठावर ते ठिपके बारीक काळ्या कणांसारखे उमटले होते. मात्र पाण्याचे थेंब सुकून पडलेले डागही पंखांवर जागोजाग होते. डाग काढायला हवेत, ती म्हणाली, आणि मग मेहरुनबींना रंग समजावून सांगितले. पिवळा कसा, तर ओलं हळकुंड मोडल्यावर आत दिसतो तसा. निळा कसा, तर दौतीच्या काठावर शाई वाळते तसा. मेहरुनबींनी दोन्हींना मान हलवली. सांगलीच्या बाईला हळदीचा रंग सांगावा लागत नाही. साताऱ्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. लीला निघाली.

आधी एक साधी प्रत छापून द्या, एवढं एक वाक्य म्हणायचं राहिलं. नंतर ते तिला कितीदा तरी, वर्गात शिकवतानासुद्धा, मध्येच ऐकू येत असे.

आठवड्याने ती परत गेली तेव्हा फोटो तयार होता. वहीच्या पानाएवढा. पिवळा हळकुंडाचा होता, निळा शाईचा होता, आणि त्यावरची किंचित तांबूस झाक, जी तिने सांगितली नव्हती, तीही होती. पाण्याचा एकही डाग नव्हता. मागच्या पंखांचा काठ काजळाच्या रेघेसारखा स्वच्छ काळा होता.

तिने निगेटिव्ह मागितलं आणि खिडकीशी तिरपं धरलं. जिथे कण होते तिथे खरवडल्याच्या बारीक चमकत्या खुणा होत्या.

“इथे ठिपके होते,” ती म्हणाली.

मेहरुनबी टेबलावरून वाकल्या. “व्हते की. मी काढले.”

“का?”

“तुमीच म्हनला व्हता डाग काढा म्हनून.” मग, कामाची कुणी चौकशी केली की माणूस बोलतं तशा त्या बोलू लागल्या. “ह्येला लय येळ गेला. पाण्याचे डाग मोठे, ते लगी निघाले. हे बारीक. वणासारके. पातं जरा हललं असतं तर पंख फाटला असता. पण वण ठिवून फोटो कुनी देतं व्हय, बाई?”

बाकावर गिऱ्हाईक बसलेलं होतं. तासगावकडचा एक माणूस आणि त्याची मुलगी. मुलीच्या वेणीला नवी रिबीन होती आणि गालांवर हनुवटीपर्यंत वण होते. लीलाने त्यांना पाहिलं होतं. तरी ती बोलली. तिचा आवाज चढला नाही, तिचा आवाज कधीच चढत नसे.

“जे असतं ते तुम्ही पुसता. माझ्या चेहऱ्याचंही तेच केलं होतं. ते लोक फोटो हातात धरून माझ्याकडे बघत बसले होते. तुम्हांला कुणी सांगितलं नसेल.”

बाकावरच्या माणसाने मुलीकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहिलं. चांदसाहेब काउंटरवरच्या काचेवरून रिकामाच फडका फिरवू लागले.

मेहरुनबींनी हातातलं पातं बशीत ठेवलं. मग त्या म्हणाल्या, “मला ध्यानात हायेत ते ठिपके. एकेक माझ्या हातानं काढलाय. त्या जागी परत घालून देते. दोन दिस द्या.”

“आठवणीने घातलेले ठिपके मला चालणार नाहीत,” लीला म्हणाली.

हे चूक नव्हतं. चित्राला मुंबईचे अभ्यासक नाही म्हणाले होते, आणि ब्रशने घातलेला ठिपका म्हणजे पुन्हा चित्रच. ती निगेटिव्ह घेऊन बाहेर पडली. स्टँडच्या भिंतीवर देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस मिळेल अशी सरकारी पाटी रंगवलेली होती. तिच्याखालच्या कट्ट्यावर बसून तिने मुंबईला कार्ड लिहिलं. फोटो निघाला, परंतु निगेटिव्हवर हात फिरवला गेल्याने तो पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही. माझं म्हणणं मागे घेते. कार्ड पेटीत टाकल्यावर तिला बरं वाटलं. आपण नेटकं वागलो असं वाटलं.

त्यांचं उत्तर तिला अनपेक्षित होतं. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांनी दोन शब्द लिहिले होते आणि पुढे लिहिलं होतं की मी वळकटी बांधून ठेवली होती. फोटो कसाही आला असता, कुणी सांगणारं असतं की यात ठिपके होते, तरी निघालो असतो. आता ऑक्टोबर सरत आला. पुढल्या वर्षी बघू.

त्याच सुमारास साताऱ्याला एक पुडकं आलं. चांदसाहेबांच्या ओळखीच्या एका कंडक्टरने ते आणून दिलं. आत तोच फोटो होता, आधीच छापून ठेवलेली दुसरी प्रत, आणि मागच्या पंखांच्या काठांवर ठिपके घातलेले होते. चिठ्ठी नव्हती. लीलाने तो टेबलावर पालथा ठेवला आणि पाठीवर पेन्सिलीने, दाबून, लिहिलं: आठवणीवरून. पुरावा नाही. मग तो खणात तळाशी ठेवला.

त्या महिन्यात ती दोनदा राईत गेली. एकदा धुकं होतं, एकदा पतंग उंच शेंड्यांवर फिरताना दिसले आणि खाली आले नाहीत. एकट्या बाईला, रविवारच्या सुट्टीत, जेवढं शोधता येईल तेवढं तिने शोधलं. मुंबईचे अभ्यासक आणि त्यांचे एक-दोन सोबती आले असते तर काय झालं असतं हा विचार ती करत नव्हती. तो आपोआप येत असे.

पुढल्या वर्षी पाऊस थांबल्यावर ती गेली तेव्हा ओढ्याचा काठ ओळखू येत नव्हता. ते वाकलेलं झाड नव्हतं. होतं तिथे दगड होते.

“आखाडात वढा आला त्येनं न्हेलं,” बनुबाई म्हणाली. ती आणखी वाकली होती, पण खराटा तोच होता. “देवाचं झाड. देवानंच न्हेलं म्हनायचं.”

पतंग आले का, लीलाने विचारलं. बनुबाईने नाही म्हटलं. मग तिने मिश्कीलपणे डोळे बारीक केले.

“तुमीच न्हेल्या न्हवं का मुंबईला?”

“नाही,” लीला म्हणाली. “मी काहीच नेलं नाही.”

ती आणखी चार रविवार गेली. तसलं झाड राईत दुसरं नव्हतं. असलंच तर घाटात कुठे तरी असेल, पण घाट मोठा होता. मुंबईचे अभ्यासक त्या उन्हाळ्यातच वारले होते. त्यांची यादी त्यांच्या शिष्यांनी छापली, तिच्यात नेहमीचा पतंग होता.

लीलाचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर आईच्या पेन्शनच्या कागदांना तिचा फोटो लागला, म्हणून १९७५ च्या उन्हाळ्यात लीला आईला घेऊन चांदसाहेबांकडे गेली. ती दुसऱ्या स्टुडिओत जाऊ म्हणत होती. आईला ते पटलं नाही, आणि लीलाला कारण सांगता आलं नाही.

खिडकीपाशी टेबल नव्हतं. तिथे एक कुंडी ठेवलेली होती. चांदसाहेब काळ्या कापडाखालून बाहेर येऊन नेहमीसारखेच बोलले. पेन्शनचा फोटो जसा आहे तसाच लागतो, त्याला हात लावायचा नाही, म्हणाले. मेहरुनचं टेबल पडद्याआड आत नेलं, गिऱ्हाईक बघत बसतं, बोलतं, त्यापेक्षा बरं. आणि कामही आता कमीच. लहान पोरींच्या तोंडावर वण दिसत नाहीत. सरकारनं देवी बंद केल्या. चांगलंच झालं म्हणा, ते म्हणाले, आणि आईला स्टुलावर बसवून मान जराशी वळवली.

लीलाला त्यांनी दोष दिला नाही. तासगावच्या त्या मुलीचा फोटो निघाला का, हे तिला विचारायचं होतं. तिने विचारलं नाही.

फोटो झाल्यावर आई सरळ पडदा बाजूला करून आत गेली. आत एक लहान खिडकी होती आणि उजेड कमी होता. मेहरुनबी एका लग्नाच्या फोटोला बॉर्डर रंगवत होत्या. आईने त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, डोळ्यांची केली, भाच्यांची केली.

“हिचा फोटो तूच केला होतास गं,” आई म्हणाली. “अजून आहे भिंतीवर. आलं-गेलं माणूस विचारतं, कुठं काढला म्हणून.”

लीला पडद्यापाशी उभी होती. मेहरुनबींनी मान वर केली नाही. ब्रश बॉर्डरवरून सावकाश पुढे जात होता.

“ध्यानात हाय,” त्या म्हणाल्या. “डाव्या गालावर दाट, उजव्यावर इरळ. हनुवटीवर एक लांबट. आन् नाकाच्या मुळाशी दोन, एकाला एक चिकटून. त्येंनी लय तरास दिला.”

आई हसली. डाव्या गालावरचे कुणालाही दिसतात, हनुवटीवरचा दिसतो, असं लीलाने मनाशी म्हटलं. नाकाच्या मुळाशी मात्र काही नव्हतं, मेहरुनबींची चूक होत होती.

घरी आल्यावर तिने आईचा हातआरसा घेतला आणि चष्मा काढला. चष्मा तिला कोल्हापूरला शिकताना लागला होता. त्याशिवाय तिला लांबचं दिसत नसे, आणि चष्म्याशिवाय आरशात बघायचं तिला वर्षानुवर्षं कारण पडलं नव्हतं. तिने आरसा अगदी जवळ धरला. चष्मा टेकतो त्या जागी दोन वण होते, एकाला एक चिकटून.

साताऱ्याला परतल्यावर तिने खणाच्या तळातून तो फोटो काढला, भिंग घेतलं आणि दिवसाउजेडी खिडकीशी बसून ठिपके पाहिले. पुडकं आलं त्या दिवशी तिने ते नीट पाहिलेच नव्हते. ते सारख्या अंतरावर नव्हते. डाव्या पंखावर दोन जवळजवळ चिकटलेले होते, एक ठिपका ओळ सोडून किंचित आत होता. उजव्या पंखावर तसं नव्हतं, तिथे शेवटचा ठिपका इतका बारीक होता की नसल्यासारखा. मग तिने स्वतःचं पहिलं चित्र काढून शेजारी ठेवलं. तिच्या चित्रात ठिपके मण्यांच्या माळेसारखे होते, सारखे, सारख्या अंतरावर, दोन्ही पंखांवर एकसारखे.

ती बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. जिवंत पंखावर ठिपके असे, थोडे वेडेवाकडे, असतात, हे ती मुलांना शिकवत असे. पण कुणाचे खरे, हे ठरवायला आता पतंगच हवा होता. तिला एवढंच कळलं की त्या दिवशी खिडकीपाशी एक माणूस होतं ज्याने ते ठिपके तिच्यापेक्षा जवळून आणि जास्त वेळ पाहिले होते, ज्याने दोन दिवस मागितले होते. मुंबईत वळकटी बांधलेली होती. झाड जागेवर होतं.

तिने रबर घेऊन फोटोच्या पाठीवरची ओळ पुसली. दोनदा पुसली, फुंकर मारली, हाताने कागद साफ केला.

सुट्टीत सांगलीला गेल्यावर ती एकटीच स्टुडिओत गेली आणि पडद्याआड जाऊन फोटो मेहरुनबींपुढे ठेवला. मेहरुनबींनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. पिवळा जरा उतरलाय, म्हणाल्या. नाही, हळद अशीच राहिली आहे, लीला म्हणाली.

“बरूबर हायेत का ठिपके?”

“मला माहीत नाही,” लीला म्हणाली. “तुम्हांला माहीत आहे. मला ते तेव्हा समजलं नाही.”

मेहरुनबींनी मान हलवली.

“मग तुमचं काम झालं?”

“नाही. ते होण्याची वेळ गेली.”

मेहरुनबींनी फोटो उलटा केला. आयुष्यभर त्यांनी कागद असाच हातात धरला होता, आधी समोरून, मग मागून, मग तिरपा. छोट्या खिडकीकडे त्यांनी तो तिरपा केला, आणि पाठीवरून अंगठा हलकेच फिरवला, एकदा, आणि पुन्हा एकदा त्याच ओळीवरून.

“हितं काय लिवलं व्हतं?”

लीलाने ते सांगितलं. दोन्ही वाक्यं, जशी लिहिली होती तशी.

मेहरुनबी कागदाकडे बघत राहिल्या.

“पुसलंय चांगलं,” त्या म्हणाल्या. “पण दाबून लिवलं व्हतं. कळतं.”

त्यांनी फोटो सुलटा करून लीलाच्या हातात दिला आणि बशीतला ब्रश उचलला.